आधी गाणं, मग मशीन, मग सॉफ्टवेअर : घरच्या रेकॉर्डिंगसाठी स्वस्तात निवड कशी करायची

"कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि मी उलट विचारलं की बाबा रे रेकॉर्ड काय करणार, माइक किती, लॅपटॉप कुठला, की पलीकडे सामसूम. सगळ्यांचा क्रम उलटा असतो. आधी व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर टाकायचं, महिन्याने इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घ्यायचा, मग कळतं दोघांचं जमत नाही, मग दुसरं सॉफ्टवेअर. मीही त्यातलाच, परळला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका लॅपटॉपवर चार सॉफ्टवेअर टाकून बसलो होतो आणि एकही गाणं शेवटपर्यंत गेलं नव्हतं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच ठेवा, मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर परत मागे यावंच लागतं.

टप्पा १ : लॅपटॉप बंद ठेवा, कागद घ्या

तीन गोष्टी लिहा. एकाच वेळी किती माइक चालू असणार? कीबोर्डवरून बीट आणि वाद्यं वाजवायची आहेत का, की फक्त खरा आवाज आणि खरी वाद्यं? आणि तयार झालेली फाइल कुणाकडे जाणार, थेट यूट्यूबवर की मिक्सिंग करणाऱ्या माणसाकडे?

हे बालिश वाटतं पण सगळी निवड इथेच होते. कराओके ट्रॅकवर एकट्याने गायचं असेल तर एक माइक, दोन ट्रॅक, विषय संपला. पेटी, तबला आणि गायक एकत्र बसणार असतील तर कमीत कमी चार माइक, कारण तबल्याला डग्गा आणि तबला वेगळे घेतले तर नंतर हात मोकळा राहतो. आणि फक्त बीट बनवून वर रॅप करायचा असेल तर गोष्टच वेगळी.

सावध: "स्वस्त आवृत्ती" हा शब्द बघून उडी मारू नका. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरची सगळ्यात स्वस्त, फ्रूटी आवृत्ती बीटसाठी झकास आहे, पण माइकचा आवाज प्रोजेक्टमध्ये ऑडिओ ट्रॅक म्हणून रेकॉर्ड करायची सोय त्याच्या वरच्या प्रोड्युसर आवृत्तीपासून मिळते. गायकाने फ्रूटी घेतली तर पैसे पाण्यात. शिवाय त्याच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही, हे लोकांना गाणं अर्धं झाल्यावर समजतं आणि मग जी चिडचिड होते ती विचारू नका.

टप्पा २ : मशीन काय झेपवतं ते बघा

रॅम किती, डिस्कवर जागा किती, विंडोज की मॅक, एवढंच. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आवाज रेकॉर्ड करायला चालतो, मोठी सॅम्पलवाली व्हायोलिन-पियानो लायब्ररी चालवायला नाही चालत. ८ जीबी असेल तर घरच्या कामाला बरंच काही होतं.

जागेचा हिशेब एकदा करून ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला (हे रेकॉर्डिंगचा दर्जा ठरवणारे आकडे) एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो. पाच मिनिटांचं गाणं, दहा ट्रॅक, म्हणजे सव्वाचारशे एमबीच्या वर, आणि प्रत्येक ट्रॅकचे चार टेक, म्हणजे तेच चारदा गायलेलं, ठेवलेत (आपण सगळे ठेवतो, पुसायला जीव होत नाही) तर पावणेदोन जीबी. एका गाण्याला. त्यामुळे सी ड्राइव्हवर ६ जीबी शिल्लक असताना अल्बमचा बेत करू नका.

लॅपटॉपच नाही, फोनच आहे? मग यादी छोटी होते आणि डोकंही शांत राहतं. आयफोनवर गॅरेजबँड, अँड्रॉइडवर बँडलॅब, दोन्ही फुकट. चाल सुचली की पकडून ठेवायला पुरेसं आहे.

टप्पा ३ : इंटरफेस आणि हेडफोन आधी, सॉफ्टवेअर नंतर

याचं कारण साधं आहे. इंटरफेसच्या खोक्यात बऱ्याचदा सॉफ्टवेअरचा कोड येतो, एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्यूबेसची छोटी आवृत्ती वगैरे. आधीच दुसरं विकत घेऊन बसलात तर हा कोड वाया. लॅमिंग्टन रोडला किंवा धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांच्या दुकानात घ्यायला गेलात तर दुकानदाराला सरळ विचारा की सोबत काय येतं आणि नोंदणी कुठे करायची.

सावध: सेकंडहँड घेताना कोड आधीच वापरलेला असतो असं धरूनच चाला. मी एक जुना इंटरफेस घेतला तेव्हा विकणारा म्हणाला "सॉफ्टवेअर फ्री आहे साहेब", घरी येऊन टाकलं तर नोंदणी आधीच्या मालकाच्या नावावर. वस्तू चांगली होती, पण सॉफ्टवेअरच्या नावाखाली जे पाचशे जास्त दिले ते गेलेच.

दोन यूएसबी माइक घेऊन दोन गायक रेकॉर्ड करायची आयडिया पण सोडा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हरमधून (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर जोडणारा छोटा प्रोग्रॅम) एका वेळी एकच डिव्हाइस धरलं जातं, दोन माइक हवे तर दोन इनपुटवाला एक इंटरफेस घ्या. आणि कंडेन्सर माइक (ज्याला इंटरफेसकडून वीज लागते तो) असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका, "माइक खराब निघाला" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं ते बटणच बंद असतं.

हेडफोन वायरचेच. ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा येतो की तुम्ही समेवर आलात तरी ट्रॅकवर सम निघून गेलेली असते. गाणाऱ्याला वाटतं आपला ताल बिघडला, तसं नसतं.

टप्पा ४ : यादीत दोनच नावं

दहा नको. पहिल्या टप्प्याचा कागद समोर ठेवा आणि खालच्यातून दोन उचला.

रीपर. माझं मत आधीच सांगतो, बहुतेकांनी हेच घ्यावं. ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक वापराला किंवा वर्षाला २०,००० डॉलरच्या आत कमाई असणाऱ्याला लायसन्स ६० डॉलरला. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, डाउनलोड इतकं छोटं की फोनच्या हॉटस्पॉटवर उतरतं, जुन्या लॅपटॉपवरही धावतं. ट्रॅकला मर्यादा नाही. दोष? उघडल्यावर दिसायला एकदम कोरडं, बिनसाखरेचा चहा, आणि सोबत वाद्यांचे तयार आवाज जवळपास नाहीतच. ते बाहेरून फुकटचे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे जादा तुकडे) आणून टाकावे लागतात, व्हायटल, सर्ज एक्सटी असे चांगले आहेत. ६० दिवसांनंतरही ते उघडतं, फक्त आठवण करून देतं, म्हणून वर्षानुवर्षं तसंच वापरणारे लोक आहेत, जाऊ दे, ज्याचं त्याच्यापाशी.

ऑडॅसिटी. फुकट, ओपन सोर्स, शिकायला सोपं. एका आवाजाचं रेकॉर्डिंग, पॉडकास्ट, जुन्या कॅसेट उतरवून घेणं, भजनाच्या रेकॉर्डिंगमधला खोकला कापणं, यासाठी मला आजही हेच आवडतं. ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट वाजता वाजता बदलता येतात, त्याआधी नव्हतं. पण कीबोर्डवरून मिडी वाद्यं (कळ दाबली की सॉफ्टवेअरमधला आवाज वाजतो ती) वाजवून गाणं उभं करायचं असेल तर हे नको.

गॅरेजबँड. मॅक आहे? मग दुसरीकडे बघूच नका. फुकट आहे, आवाज तयार आहेत, आणि पुढे लॉजिक प्रो या अ‍ॅपलच्याच मोठ्या सॉफ्टवेअरवर गेलात तर जुने प्रोजेक्ट तिथे उघडतात.

प्रो टूल्स इंट्रो फुकट आहे आणि तुमची फाइल मोठ्या स्टुडिओत जाणार असेल तर ओळख म्हणून ठीक, पण ऑडिओ ट्रॅक ८ च. मोजा: पेटी, तबला, डग्गा, टाळ, मुख्य आवाज, त्याचं डबल, कोरसचे दोन, झाले आठ. तानपुरा कुठे ठेवणार?

वेव्हफॉर्म फ्रीमध्ये ट्रॅकची मर्यादा नाही आणि मिडीही चांगलं आहे, बीट आणि आवाज दोन्ही हवं आणि पैसे शून्य असतील त्याने हे बघावं. लिनक्सवाल्यांना आर्डर हे सॉफ्टवेअर माहीत असतंच, त्यांना मी काय सांगणार.

तपासा: निवडलेली दोन्ही नावं अधिकृत साइटवरूनच उतरवताय ना? टेलिग्रामवर कुणी पाठवलेला क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, टाकू नका. नीतिमत्ता बाजूला ठेवा, सरळ व्यवहाराचं बोलतो, त्या फाइलींतून व्हायरस येतो, आणि नाही आला तरी विंडोज अपडेट झाल्यावर अर्धे प्लगइन बंद पडून प्रोजेक्ट मुका होतो, तोही नेमका द्यायच्या आदल्या रात्री.

टप्पा ५ : चाचणीआधी सेटिंग, नाहीतर चांगलं सॉफ्टवेअर वाईट वाटेल

सर्वात जास्त लोक इथे घसरतात. सॉफ्टवेअर टाकलं, लाल बटण दाबलं, स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला, "हे बेकार आहे" म्हणून काढून टाकलं. त्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो.

पहिलं, ड्रायव्हर. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. इंटरफेस नसेल तर एएसआयओ फॉर ऑल नावाचा फुकटचा ड्रायव्हर वेळ मारून नेतो. मॅकवर ही भानगडच नाही.

दुसरं, बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो तो आकडा. उशिराचं गणित सोपं आहे, बफर भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो). ४८ किलोहर्ट्झला १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि हे फक्त एका बाजूचं, जाऊन-येऊन दुपटीच्याही वर जातं. म्हणून रेकॉर्ड करताना १२८ किंवा २५६, मिक्स करताना १०२४. रेकॉर्डिंगला तडतड आवाज आला तर एक पायरी वर चढा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण (माइकचा आवाज थेट हेडफोनला देणारं) असेल तर ते चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद, मग उशिराचा प्रश्नच मिटतो. दोन्ही चालू ठेवलंत तर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येणार, विहिरीत गायल्यासारखा.

तिसरं, सॅम्पल रेट, आणि याबद्दल जरा थांबून सांगतो. प्रोजेक्ट, ड्रायव्हर, विंडोजची साउंड सेटिंग, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. ४८ ठेवा किंवा ४४.१, पण एकच. माझ्या एका मित्राने डोंबिवलीहून ४४.१ ला गाऊन पाठवलं, इकडे ते ४८ असल्यासारखं वाजलं. काळी एकमधलं (पेटीच्या पट्ट्यांची नावं ही) गाणं चढून पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली जाऊन बसलं, म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही, आणि लयही सुमारे नऊ टक्क्यांनी पळायला लागली. आम्ही अर्धा तास पेटीचे सूर तपासत होतो, त्याला दोन शिव्याही घालून झाल्या, आणि चूक होती एका ड्रॉपडाउनची.

चौथं, लेव्हल. गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ गाऊन बघा, मीटर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मधे राहिला पाहिजे. २४ बिटला रेकॉर्ड करताय तर आवाज छोटा आला तरी नंतर वाढवता येतो, फुटलेला आवाज नीट करता येत नाही.

तपासा: कुणी न गाता तीस सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोन मोठा करून ऐका. सलग "हूंऽऽ" येतोय? लॅपटॉपचा चार्जर काढून तेच रेकॉर्डिंग पुन्हा करा. गेला तर ती ५० हर्ट्झची विजेची घरघर आहे, जुन्या चाळींत आणि बिल्डिंगांत अर्थिंगच्या नावाने बोंब असते, बॅटरीवर रेकॉर्ड करा. बाकीचा आवाज पंखा, फ्रिज, शेजारचा मिक्सर, सोसायटीचा पाण्याचा पंप. ते कुठल्याही किमतीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाहीत. रेल्वेलाइनजवळ राहत असाल तर शेवटची लोकल गेल्यावर ते पहाटेची पहिली सुटेपर्यंत जो वेळ मिळतो तोच तुमचा स्टुडिओ.

टप्पा ६ : एकच गाणं, दोन्ही सॉफ्टवेअर, सात दिवस

आता खरी परीक्षा. एक मुखडा, एक अंतरा. नवीन गाणं नको, पाठ असलेलं घ्या, म्हणजे लक्ष गाण्यावर न राहता सॉफ्टवेअरवर राहील. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हीच कामं याच क्रमाने करा.

१. क्लिक, म्हणजे तालाची टकटक, लावा. केरव्याला ४/४, दादऱ्याला ६/८, रूपकला ७/४. रूपकला गंमत आहे, सम 'खाली'च्या, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर असते आणि सॉफ्टवेअरचा क्लिक पहिल्या मात्रेवर ठणकन वाजतो, तबलजी वैतागतो. क्लिकचा जोर कुठल्या मात्रेवर पडावा हे बदलता येतं का बघा. रीपरमध्ये येतं.

२. एक ट्रॅक रेकॉर्ड करून त्यावर दुसरा चढवा. मग दोन्ही झूम करून बघा, दुसरा कायम तेवढाच मागे पडतोय का? टाळी वाजवून बघितलं तर लगेच दिसतं, लाटेचा टोकदार सुळका क्लिकच्या रेषेच्या किती मागे आहे ते. प्रत्येक वेळी तेवढाच मागे असेल तर सेटिंगमध्ये तो आकडा भरून सुधारता येतो. कधी एवढा कधी तेवढा असेल तर ड्रायव्हर चुकलाय, टप्पा ५ ला परत जा.

३. एकच ओळ पाच वेळा गा आणि पाचातले चांगले तुकडे जोडून एक करा. हे काम घरी सगळ्यात जास्त वेळ खातं. ज्यात तुम्हाला हे न शोधता, न चिडता जमेल ते सॉफ्टवेअर अर्धी लढाई जिंकलं असं समजा.

४. मधलाच एक शब्द बदलायचाय असं धरून तेवढाच परत रेकॉर्ड करा. आधीचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं का बघा, आणि अनडू किती मागे नेतं तेही.

५. थोडा रिव्हर्ब (खोलीची घुमणी), थोडा ईक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल), आणि वेव्ह फाइल म्हणून एक्स्पोर्ट. मग ती फोनवर, टीव्हीवर, रिक्षात ड्रायव्हरने परवानगी दिली तर त्याच्या स्पीकरवर ऐका.

६. लॅपटॉप बंद करून दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडा. सगळं जागेवर आहे?

सावध: या सात दिवसांत एकही नवीन प्लगइन टाकायचा नाही. एकही नाही. प्लगइन गोळा करणं हा वेगळा छंद आहे, त्याचा गाण्याशी संबंध नाही.

सात दिवसांनी ज्यात गाणं पूर्ण एक्स्पोर्ट झालं ते तुमचं. दोन्हीत झालं तर जे कमी वैतागवाणं होतं ते. एकातही नाही झालं तर तिसरं शोधू नका, बहुतेक वेळा गाणंच बसलेलं नसतं.

टप्पा ७ : आता पैसे, तेही हवे असतील तरच

फुकटच्यात काम झालं असेल तर हा टप्पा वगळा, खरंच.

विकत घेणार असाल तर परदेशी साइटवर डॉलरमध्ये भरावं लागतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का बघा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम आला तेव्हापासून नवीन कार्डावर तो बंद असतो आणि आपणच चालू करायचा असतो. पेमेंट फेल झालं की लोक तीन-तीनदा करतात, कारण एवढंच असतं. काम झाल्यावर परत बंद करा. डॉलरच्या भावावर बँक स्वतःचं मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते, त्यामुळे ६० डॉलर म्हणजे नुसता गुणाकार करून जो आकडा येतो त्याच्या थोडं वर धरा.

घेण्याआधी दोन गोष्टी वाचा. एकदाच पैसे की दर महिन्याला? आणि पुढच्या आवृत्तीला परत पैसे लागतात का? रीपरचं लायसन्स दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालतं, एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढचे अपडेट कायम फुकट. महिन्याच्या वर्गणीवालं घरच्या माणसाने शक्यतो टाळावं, गणपतीत आणि मे महिन्यात आपण काहीच रेकॉर्ड करत नाही आणि पैसे मात्र जात राहतात.

टप्पा ८ : पहिल्याच दिवशी फोल्डर लावा

प्रत्येक गाण्याला वेगळा फोल्डर, आणि रेकॉर्ड झालेला आवाज त्याच फोल्डरमध्ये जाईल असं सेटिंग. प्रोजेक्टची फाइल ही फक्त यादी असते, आवाज बाहेर वेगळ्या फाइलींत असतो. मला एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर "गाणं पाठवलंय, मिक्स कर" म्हणून ९० केबीची फाइल पाठवली होती. उघडली तर अकरा ट्रॅक, सगळ्यांवर नाव आहे, रंग पण छान दिलेत, आणि आवाज एकाचाही नाही. आवाज त्याच्या लॅपटॉपवर डाउनलोड्समध्ये, आणि तो लॅपटॉप फॉरमॅटला गेलेला.

मिक्सिंगवाल्याला पाठवताना प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा, सगळ्या अगदी शून्यापासून सुरू होणाऱ्या, जरी कोरस तिसऱ्या मिनिटाला येत असला तरी. नाहीतर तो माणूस कोरस कुठे बसवायचा ते अंदाजाने शोधत बसेल. फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या, व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, ऑडिओ म्हणून नाही. एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आणि फोल्डरच्या नावात पट्टी आणि टेम्पो टाका, "काळी दोन ९२" असं, म्हणजे सहा महिन्यांनी उघडलं तर सूर शोधायला माळ्यावरून पेटी काढावी लागत नाही.